बरी झाली म्हणजे काय?

एखादी बाई आजारातून उठली की गावाकडे ती बातमी ठरावीक वाक्यात येते: "आता उठून कामाला लागली." पुरुष असेल तर "ड्यूटीवर जायला लागला", मूल असेल तर "शाळेला जायला लागलं", म्हैस असेल तर "दूध द्यायला लागली". सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही मनापासून बरं वाटलेलं असतं. या वाक्यात दुष्टपणा अजिबात नाही. पण जरा थांबून पाहिलं तर त्यात आजारी जिवाला आता कसं वाटतंय याबद्दल एक अक्षरही नाही. आजार संपला की नाही हे ठरवायचं माप त्या जिवाच्या बाहेर, त्याच्याकडून इतरांना जे मिळायचं त्यात ठेवलेलं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे हे माप चपखल बसतं. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो, कोणाची तरी झोपमोड होते, लॉग वाचले जातात, आणि सर्व्हर पुन्हा उत्तरं द्यायला लागला की प्रकरण मिटलं असं लिहून टाकतात. तो किती मिनिटांत उभा राहिला पाहिजे याचा आकडाही आधीच ठरलेला असतो. यात काही चूक नाही. बंद असताना सर्व्हरला दुखत नाही आणि चालू झाल्यावर हलकं वाटत नाही. त्याचं बरं होणं सगळंच्या सगळं आपलं, वापरणाऱ्यांचं असतं.

माणसाच्या बाबतीत हे माप अपुरं आहे हे कोणीही मान्य करील, निदान तोंडदेखलं तरी. पण सर्व्हर आणि माणूस यांच्या मधे पुष्कळ जागा आहे, आणि नीतीचे अवघड प्रश्न बहुधा त्या मधल्या जागेत राहतात. माझ्यापुढे हा प्रश्न एका कोंबडीच्या निमित्तानं आला.

*

कराडजवळच्या आमच्या गावी आईनं परसात नऊ कोंबड्या पाळल्या आहेत. माझं काम घरून चालतं, त्यामुळे वर्षातले सहा-सात महिने मी तिथेच असते. आमच्याकडे कोंबड्यांना नावं नाहीत, रंगारूपावरून ओळख आहे: काळी, ठिपकी, उघड्या मानेची, तांबडी. तांबडी तेव्हा अडीच वर्षांची होती. सप्टेंबरात तिच्या तुऱ्यावर आणि चोचीखालच्या लाल पाळ्यांवर बारीक फोड आले, मग त्यांच्या काळपट खपल्या झाल्या. आईनं लांबूनच सांगितलं, "देवी आल्यात."

देवीचा आजार विषाणूमुळे होतो आणि पावसाळ्याच्या शेवटी, डास माजले की पसरतो. लस आहे, पण तिची बाटली शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी असते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. नऊ कोंबड्यांचं घर त्या हिशेबात बसत नाही. आजार झाल्यावर मात्र त्यावर थेट औषध नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकांनी सांगितलं ते एवढंच: वेगळी ठेवा, खपल्या ओढून काढू नका, त्यांना आयोडीन लावा, डोळे कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा, आणि खाणं-पाणी तिच्यापर्यंत न्या. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खपल्यांनी डोळे मिटले की कोंबडीला दाणे दिसत नाहीत, आणि विषाणूनं न मेलेली कोंबडी पुष्कळदा उपाशी राहून मरते. आम्ही तिला डालग्याखाली ठेवलं. भिजवलेलं खाद्य तिच्या चोचीला लागेल असं धरलं की ती टिपायची. गळून पडलेल्या खपल्या गोळा करून जाळायच्या, कारण विषाणू त्यांच्यात टिकून राहतो.

तीन-साडेतीन आठवड्यांत खपल्या पडल्या, डोळे उघडले. सगळे म्हणाले, बरी झाली. काका रोज सकाळी पाटीत हात घालून अंडं बघायचे. अंडं आलं नाही. त्याऐवजी ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी खुराड्यात तांबड्या पिसांचा ढीग दिसला, जणू रात्री मुंगसानं धरली असावी. आधी मान उघडी पडली, मग छाती, मग पाठ. आठवड्याभरात ती ओळखू येईना. काका म्हणाले, "अजून बरी नाही झालेली वाटतं."

माझा प्रश्न इथून सुरू होतो. ती खरोखरच अजून आजारी होती का?

*

कोंबडी साधारण वर्षातून एकदा पिसं टाकते. दिवस लहान व्हायला लागले की शरीराला ती खूण मिळते. आपल्या अक्षांशावर वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम दोन तासांचा, पण तेवढाही तिला पुरतो. आजारपणाचा ताण असेल तर पिसं झडायला तेही निमित्त होतं. झडण्याचा क्रम बहुधा डोक्यापासून शेपटीकडे जातो, आणि पुन्हा पुरती पिसं यायला दोन-तीन महिने लागतात. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं. अंड्यालाही प्रथिन लागतं. एका अंड्यात सहा-एक ग्रॅम जातं. दोन्ही कामं एकाच वेळी शरीराला झेपत नाहीत, म्हणून अंडी थांबतात.

बाहेरून हा रिकामा वेळ दिसतो. आत काय चाललेलं असतं हे वाचलं तेव्हा मी चकित झाले. अंडं तयार करणारी नळी आक्रसून लहान होते आणि नंतर नव्यानं उभी राहते. हाडांची गोष्ट त्याहून थेट आहे. एका अंड्याच्या कवचात दोन-एक ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि कोंबडीच्या सबंध सांगाड्यात सुमारे वीस ग्रॅम. रात्री कवच चढत असतं तेव्हा पोट रिकामं असतं, म्हणून शरीर काही कॅल्शियम हाडांतून उचलतं. त्यासाठी हाडांच्या पोकळीत एक वेगळं, तात्पुरतं हाड साठवलेलं असतं. कोंबडी अंड्यावर असते तोवर शरीर हे तात्पुरतं हाडच बांधत राहतं. शरीर पेलणारं खरं हाड झिजतं, पण नव्यानं बांधलं जात नाही. ते काम अंडी थांबल्यावर पुन्हा सुरू होतं.

म्हणजे अंडं न देण्याच्या दिवसांत तिचं शरीर पहिल्यांदा स्वतःसाठी काम करत असतं. आपण ज्याला आजाराचं शेपूट समजत होतो, ती खरं तर दुरुस्ती होती.

आपल्या भाषेत अशा जनावराला एक शब्द आहे: भाकड. भाकड म्हैस, भाकड गाय. आता कोंबडीलाही म्हणतात. सर्व्हरच्या भाषेत सांगायचं तर जनावराच्या आत काय चाललंय ते न पाहता फक्त बाहेर काय येतंय एवढ्यावर दिलेलं हे नाव आहे. भाकड काळाला भाकड म्हणायचं की नाही, हे तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं.

*

नोव्हेंबरात काकांनी उपाय सुचवला. खुराड्यात बल्ब लाव. उपाय खरा आहे. पक्ष्यांना प्रकाश नुसता डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत पोचणारा उजेड मेंदूतल्या पेशी थेट ओळखतात. संध्याकाळी चार-पाच तास दिवा जळला तर शरीराला वाटतं उन्हाळा आहे, आणि अंडी पुन्हा सुरू होतात. पोल्ट्रीत दिवस सोळा तासांचा करतात तो याचसाठी. माझ्या कपाटात टायमर पडलेला होता, एलईडी होता. अर्ध्या तासाचं काम. मला असली कामं आवडतातही.

मोठ्या धंद्यात याच ज्ञानाची दुसरी टोकाची तऱ्हा आहे. हजारो कोंबड्यांची अंडी कमी झाली की प्रत्येकीच्या पिसांची वाट पाहणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांची पिसं एकदम गाळायला लावतात. त्याची जुनी रीत म्हणजे खाद्य बंद करणं, दहा-बारा दिवस, कधी अधिक. वजन पाव हिश्श्यानं किंवा त्याहूनही जास्त उतरतं, पिसं झडतात, मग खाद्य सुरू करायचं आणि अंड्यांची दुसरी फेरी घ्यायची. युरोपीय संघात हे चालत नाही. अमेरिकेतल्या अंडी उत्पादकांच्या मोठ्या संघटनेनं 2006 पासून उपाशी ठेवण्याची रीत सोडली. आपल्याकडे 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात प्राण्याला पुरेसं अन्नपाणी न देणं हा गुन्हाच आहे, आणि केंद्राच्या पशुकल्याण मंडळानं 2011 मध्ये ही रीत त्या कायद्याविरुद्ध असल्याचं कळवलं होतं.

उपाशी ठेवणं वाईट हे समजायला तत्त्वज्ञान लागत नाही. माझ्यासाठी अडचणीचा होता तो बल्ब. त्यात क्रौर्य दिसत नाही. बल्बनं कोंबडी किंचाळत नाही, उलट उबेला येऊन बसते. तरी बल्ब आणि उपासमार यांच्यात एक धागा सारखा आहे: दोन्हींत तिच्या शरीराचं वेळापत्रक आपल्या वेळापत्रकावर बसवलेलं आहे. एकात दुरुस्ती घाईनं उरकून घ्यायची, दुसऱ्यात ती अर्ध्यावर तोडायची. निरोगी, पिसांनी भरलेल्या कोंबडीसमोर जास्तीचा दिवा लावणं निराळं असेल. त्यावर मी भांडणार नाही. पण जी नुकती आजारातून उठली आहे आणि जिच्या अंगावर निम्मी पिसं आहेत, तिला आताच कामाला लाव म्हणणं मला पटेना. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "आगं, पिसं निघत्यात तिची. अंडं कुठनं देईल? तिचं तिला करू दे."

*

'तिचं तिला' या दोन शब्दांवर तत्त्वज्ञानात अडीचशे वर्षं वाद चालू आहे. इमॅन्युएल कांट आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचं उदाहरण देत असे. कुत्र्यानं आयुष्यभर इमानानं चाकरी केली, आता त्याच्यानं काम होत नाही. मालकानं त्याला गोळी घालावी का? कांटचं उत्तर असं की घालू नये, पण कुत्र्याचं आपण काही देणं लागतो म्हणून नव्हे. कुत्र्याशी निर्दय वागणारा माणूस पुढे माणसांशीही निर्दय होईल, म्हणून. कर्तव्य माणसांशीच, कुत्रा फक्त सरावाला.

आपली सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीची गोष्टही याच जातीची आहे. लहानपणी ती ऐकताना सगळ्यांना वाईट वाटतं, पण तात्पर्य बघा: हाव धरली तर अंडी जातात. कोंबडी मेली हे त्या गोष्टीत नुकसान आहे, दुःख नाही. शेतकऱ्यानं तिला जपलं असतं तरी अंड्यांसाठीच जपलं असतं, आणि ती गोष्ट त्याला शहाणा म्हणाली असती.

कांटच्याच परंपरेतली क्रिस्टीन कॉर्सगार्ड ही अमेरिकन तत्त्वज्ञ 2018 च्या 'फेलो क्रीचर्स' या पुस्तकात कांटला इथेच अडवते. मला समजलेला तिचा मुद्दा असा: जगात एखादी गोष्ट चांगली किंवा वाईट असते ती कोणाच्या तरी दृष्टीनं. दगडाच्या दृष्टीनं काहीच चांगलं-वाईट नाही. कोंबडीच्या दृष्टीनं आहे. थंडी वाईट, ऊन चांगलं, घारीची सावली वाईट, ओली भुसभुशीत माती चांगली. माझ्या चांगल्या-वाइटाला महत्त्व आहे असं मी म्हणते ते मी हुशार आहे म्हणून म्हणत नाही, ते माझ्या वाट्याला येतं म्हणून म्हणते. मग तिच्या वाट्याला येणाऱ्या चांगल्या-वाइटाला महत्त्व नाही, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

सर्व्हर आणि कोंबडी यांच्यातला फरक मला इथे सापडला. सर्व्हरला एकच बरं होणं असतं, आपल्या दृष्टीचं. कोंबडीला दोन असतात. आपल्या दृष्टीनं ती बरी झाली की अंडं येतं. तिच्या दृष्टीनं ती बरी होते तेव्हा काय होतं, हे मात्र शोधावं लागतं.

*

आणि ते अंदाजानं कळत नाही. 1965 मध्ये ब्रिटनमध्ये प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या समितीनं कोंड्या-पिंजऱ्यांत ठेवलेल्या पाळीव प्राण्यांच्या हालअपेष्टांवर अहवाल दिला. तो अनेक अर्थांनी मोलाचा होता. त्यात कोंबड्यांच्या पिंजऱ्याला तळाशी बारीक षटकोनी जाळी नको, पायांना त्रास होतो, जाड तारेची जाळी असावी, अशीही शिफारस होती. 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी दोन्ही प्रकारचे तळ ठेवून निवड कोंबड्यांवरच सोडली, तर त्यांनी ती नको म्हटलेली बारीक जाळीच पसंत केली. समितीतली माणसं निर्दय नव्हती. त्यांनी आपले पाय कोंबडीला लावून पाहिले होते, एवढंच. ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स यांनी पुढे आयुष्यभर हेच काम केलं. प्राण्याच्या कल्याणाचे त्यांनी दोन साधे प्रश्न केले: तो निरोगी आहे का, आणि त्याला हवं ते त्याला मिळतंय का? दुसऱ्याचं उत्तर प्राण्यालाच विचारायचं, त्याच्या वागण्यातून.

पिसं येणाऱ्या कोंबडीची शुश्रूषा म्हणजे या धड्याची उजळणी आहे. आपल्याला वाटतं बिचारी उघडी आहे, उचलून जवळ घ्यावी, फडक्यात गुंडाळावी. पण नवं पीस बाहेर येतं ते बारीक काडीसारखं, आणि त्या काडीत रक्त वाहत असतं. तिथे हात लागला की दुखतं, काडी मोडली तर रक्त येतं. एरवी आपणहून हाताखाली येणारी तांबडी त्या दिवसांत हात दिसला की बाजूला व्हायची. माया करण्याची आपली पद्धत तिला नको होती. तिला हवं होतं ते असं: वाऱ्याला आडोसा, कोरडी जागा, ऊन, आणि चांगलं खाणं. आम्ही सुकट कुटून घातली, थोडी शेंगपेंड दिली. पेंडीला बुरशीचा वास येत नाही ना हे आधी बघायचं, कारण त्या बुरशीचं विष यकृताला धरतं. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं. बाकीच्या आठ जणींची अंडी तिच्या पोटात जात होती आणि तिची पिसं होऊन बाहेर येत होती. परसातला हिशेब त्या दोन महिन्यांत उलटा फिरत होता.

मदतीला आणखी एक मर्यादा होती, ती आमच्या हातात नव्हतीच. महिनाभर डालग्याखाली राहिलेल्या कोंबडीची कळपातली जागा जाते. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते. थोर्लाइफ शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं ती शंभर वर्षांपूर्वी मांडली. लहानपणापासून तो कोंबड्या बघत आला होता. आजारातून परतलेलीला त्या उतरंडीत खालून सुरुवात करावी लागते, आणि उघडी कातडी, कोवळी काडी दिसली की बाकीच्या तिथेच टोचतात. आम्ही मधे जाळी लावून आठवडाभर तिला सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवलं, मग एका रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवलं. सकाळी थोडी टोचाटोची झाली. ती थांबवायला मी पुढे झाले नाही. रक्त निघालं असतं तर झाले असते. तिची जागा मी तिला मिळवून देऊ शकत नव्हते. ती तिलाच मिळवायची होती.

*

आता आक्षेप. पहिला आमच्या आजीचा, आणि तो मला सगळ्यात जड जातो. आजी म्हणाली, "खाती त्येवढं देत न्हाई, ती कशापायी ठेवायची?" आजीच्या काळात घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे पैसे फक्त अंड्यांचे असत. माझ्या वडिलांच्या वह्या त्या पैशांतून आल्या. पिसं टाकायला लागलेली कोंबडी ती पुढच्या बाजारात विकायची. दोन महिने एका तोंडाला फुकट पोसणं म्हणजे कोणाची तरी वही चुकणं. माझ्या तांबडीचा विसावा माझ्या पगारानं विकत घेतलेला आहे, हे मला नाकारता येत नाही.

पण यावरून काय सिद्ध होतं? आजीला दोष देता येत नाही हे नक्की. तिच्या कोंबडीचं काही देणंच नव्हतं, हे मात्र सिद्ध होत नाही. देणं असणं आणि ते न फेडल्याचा दोष लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे फेडायला काहीच नाही त्याला आपण बुडवा म्हणत नाही. पण म्हणून उधारी पुसली जात नाही. ज्यांना परवडतं त्यांच्यावर ती तशीच उभी राहते. आणि गरिबी हे आजीचं खरं कारण होतं, माझ्यासाठी ते उसनं कारण होईल.

दुसरा आक्षेप मित्राचा. तुम्ही आखाडात परसातलाच कोंबडा कापता, आणि इथे कोंबडीच्या विसाव्यावर निबंध? बरोबर आहे, आम्ही खातो. मांसाहाराचा प्रश्न मोठा आहे आणि मी तो इथे सोडवला असं म्हणणार नाही. पण 'शेवटी मारायचंच आहे तर आधी कसं वागवलं याला काय अर्थ' हा युक्तिवाद मला मुळातच घातक वाटतो. मरण सगळ्यांनाच आहे. मधले दिवस कसे गेले याला अर्थ नसेल तर कोणाच्याच दिवसांना उरणार नाही. शिवाय हा आक्षेप उलट्या दिशेनंही चालतो. परसातल्या एका कोंबडीचा भाकड काळ आपण मान्य केला की दुकानातल्या तीस अंड्यांच्या ट्रेकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. पोल्ट्रीतली तीनशेच्या वर घालते. हा वेग तिनं मागितलेला नाही, आपण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यात भरला आहे. ज्या थकव्याची गरज तिला निसर्गात कधी पडली नसती, तो आपला आहे. त्यावरचा विसावाही मग आपल्याच खात्यावर पडतो.

तिसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतला. कोंबडीला विसावा 'हवा' असतो का? तिला उद्या नाही, योजना नाही. हे खरं असेल. पण विसाव्याची कल्पना असणं आणि विसाव्याची गरज असणं यांत फरक आहे. तान्ह्या मुलालाही झोपेची कल्पना नसते.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तांबडीनं चुलीची राख टाकतो तिथल्या मातीत खड्डा केला, त्यात आडवी पडली, पंखांनी धूळ अंगावर घेतली, आणि डोळे मिटून ऊन खात राहिली. उघड्या कातडीवर ती असं लोळली नव्हती. पिसं आल्यावर लोळली. त्याच रात्री ती आपणहून वरच्या दांडीवर गेली. मी माझ्या वहीत तारीख लिहिली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अंडं आलं, पहिल्यापेक्षा जाड कवचाचं. काका म्हणाले, "झाली एकदाची बरी." या दोन तारखांमध्ये पाच आठवड्यांचं अंतर आहे. त्या पाच आठवड्यांत ती कोंबडी होती तशी पूर्ण होती. फक्त आपल्याला मिळण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. माझं म्हणणं त्या पाच आठवड्यांपुरतंच आहे. कोणाचीही काळजी आपण कोणासाठी घेत होतो, हे अशाच दिवसांत कळतं.

हे फक्त कोंबडीपुरतं नाही हे मला तेव्हा कळत होतं. काही वर्षांपूर्वी आईला चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात गेला, मनगटं आणि बोटं तीन महिने धरून होती. भेटायला येणारी प्रत्येक बाई, मायेनंच, एकच विचारायची: "भाकऱ्या थापता येतात का आता?" आई ज्या दिवशी पहिली भाकरी थापू शकली त्या दिवशी घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच्या कितीतरी आधी एका दुपारी ती बोटं न दुखता सुईत दोरा ओवू शकली होती आणि एकटीच हसली होती. त्याची बातमी कोणाला गेली नाही. माझ्या क्षेत्रात प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला 'बेंचवर आहे' म्हणतात. पगार चालू असतो, तरी तो माणूस कँटीनमध्ये आवाज खाली करून बोलतो. भाकड या शब्दाचंच ते टाय लावलेलं रूप आहे.

आपल्या भाषेत या माऱ्यातून वाचलेला एक शब्दही आहे. स्वस्थ. संस्कृतात त्याचा अर्थ स्वतःत स्थिर असलेला, म्हणून निरोगी. मराठीत आपण तो बहुधा दटावायला वापरतो: नुसती स्वस्थ काय बसलीस? म्हणजे बरं असणं आणि काही न करता बसणं यांना आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि आपण त्यातलं दुसरंच तेवढं ऐकतो. पुढच्या वेळी कोणी आजारातून उठेल तेव्हा कामाला लागली का, हे विचारायच्या आधी आता स्वस्थ बसवतं का, असं विचारून पाहायला हरकत नाही. उत्तर द्यायला त्या माणसाला जरा वेळ लागेल, कारण हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.